नाईट ड्यूटीतला खेळ

माझी मावसबहीण सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे. नाईट करून सकाळी घरी आली की ती आधी मायक्रोवेव्हचं बटण भिंतीवरून बंद करते. कुणी दूध गरम केलं आणि 'टिंग' झालं, की तिचा हात आपसूक वर जातो, सलाईनची बाटली बघायला. एकदा भाचीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधला सेलवरचा बझर वाजला, तर ताई झोपेतून उठून थेट दारापर्यंत चालत गेली. आम्ही हसलो, तीही हसली. पण पुन्हा झोप काही लागली नाही तिला.

मागच्या वर्षी तिच्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी एक 'वेलनेस ॲप' आलं. पाणी प्यायलात? पाच गुण. तीन दीर्घ श्वास घेतलात? दहा गुण. महिन्याअखेरीस ज्या वॉर्डाचे गुण जास्त, त्या वॉर्डाला केक. ॲपमध्ये एक गोलमटोल हत्ती आहे, गुण मिळाले की तो सोंडेने कारंजं उडवतो. ताई म्हणाली, "अगं, पाणी प्यायला वेळ मिळत नाही हाच तर ताण आहे. आता पाणी प्यायले हे नोंदवायलाही वेळ काढू का?"

मी स्वतः ॲपच्या स्क्रीन आखण्याचं काम करते. त्या हत्तीसारखे प्राणी मीही काढलेत, कारंजी उडवलीत. त्यामुळे तिचं बोलणं लागलं जरा. म्हणून मग या विषयावर जे संशोधन झालंय ते वाचायला घेतलं: खेळकर डिजिटल डिझाइनने नर्सचा ताण खरंच कमी होतो का? उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही. काही गोष्टी आश्चर्य वाटावं इतक्या उपयोगी पडतात, आणि काही त्या हत्तीसारख्या असतात. दोन्हींत फरक कुठे पडतो, ते सांगते.

आधी ताण म्हणजे काय ते

'काम जास्त म्हणून ताण' असं आपण सहज म्हणतो. अमेरिकन संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये यात एक महत्त्वाची भर घातली. त्यांचं म्हणणं असं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस पिचत नाही. काम खूप आहे आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायचा अधिकार नाही, अशी जोडी जमली की पिचतो. काम भरपूर पण सूत्रं आपल्या हातात असतील, तर तेच काम अंगात जोर आणतं.

आता वॉर्डातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. चार नंबरची सलाईन संपत आलीय. नऊ नंबरचे नातेवाईक 'डिस्चार्ज कधी' म्हणून तिसऱ्यांदा आलेत. डॉक्टर राउंडला आलेत आणि त्यांना फाइल आत्ता हवीय. फार्मसीतून औषध आलेलं नाही. यातलं फार्मसीचं, बिलिंगचं, डॉक्टरांच्या वेळेचं काहीही सिस्टरच्या ताब्यात नाही. बोलणी मात्र तिनेच खायची, कारण वॉर्डात समोर उभी तीच असते. कारासेक यांच्या मांडणीतला सगळ्यात वाईट कोपरा म्हणतात तो हाच.

हे वर्षानुवर्षं चाललं की जे होतं त्याला बर्नआउट म्हणतात. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहतात: मन रितं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावना जाणं. कोरडेपणाची खूण ओळखायला सोपी असते. पेशंटचं नाव जाऊन नुसता 'बारा नंबर' उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली ती 'आजार' म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी अवस्था म्हणून. हा फरक फार मोलाचा आहे. बिघाड माणसात नसून कामाच्या मांडणीत आहे, असा त्याचा अर्थ. नर्सला दीर्घ श्वास घ्यायला सांगणाऱ्या प्रत्येक ॲपने हे वाक्य आपल्या पहिल्या स्क्रीनवर लावावं असं मला वाटतं. पण मग ॲप विकलं जाणार नाही.

जात्यावरची ओवी

खेळकरपणा म्हणजे काय, हेही आधी नक्की करू. गुण, पदकं, क्रमवारी असे खेळाचे सुटे भाग उचलून खेळ नसलेल्या कामाला चिकटवायचे, याला गेमिफिकेशन म्हणतात. सेबास्टियन डेटरडिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली व्याख्या साधारण अशीच आहे. खेळकरपणा त्याहून मोठा आणि जुना. त्यात जिंकणं-हरणं असायलाच हवं असं नाही. फिनलंड आणि नेदरलँड्समधल्या काही डिझाइनरांनी खेळकर अनुभवांचे २२ प्रकार पाडून त्यांचे पत्ते बनवलेत. त्यात स्पर्धा आहे, पण विनोद, कल्पनारंजन, काहीतरी शोधून काढणं, कुणाची तरी निगा राखणं, सोबत, इतकंच काय नियम वाकवणंसुद्धा आहे.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण शेकडो वर्षं घराघरात होतं: जात्यावरची ओवी. पहाटे उठून दळायचं, त्यात ना पगार ना सुट्टी. ओवी म्हटल्याने जातं हलकं झालं नाही, दळणही कमी झालं नाही. पण माहेरची आठवण काढायची, सासूला टोमणा मारायचा की विठ्ठलाशी भांडायचं, हे त्या बाईच्या मर्जीवर होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, यावरून त्या मर्जीचा आवाका लक्षात यावा. आता कल्पना करा, सासू वही घेऊन शेजारी बसलीय आणि तासाला किती ओव्या झाल्या ते मोजतेय. जास्त ओव्या म्हणणाऱ्या सुनेला केक. ओवी तीच, शब्द तेच, पण त्यातला खेळ त्या क्षणी मेला.

या लेखातली सगळी उदाहरणं मी याच कसोटीवर लावून बघितली. वाचताना तुम्हीही बघा: सूत्रं कुणाच्या हातात गेली?

आवाज: किटली आणि गोळ्यांची बाटली

सुरुवात आवाजापासून करू, कारण ताईचा मायक्रोवेव्ह तिथूनच येतो. अतिदक्षता विभागात मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप अशी प्रत्येक गोष्ट ओरडत असते. आणि बहुतेक वेळा उगाच ओरडते. निरनिराळ्या पाहण्यांमध्ये ७२ ते ९९ टक्के अलार्म खोटे निघालेत. पेशंटने कूस बदलली, छातीवरचं इलेक्ट्रोड सुटलं, बोटाचा चिमटा सरकला, किंवा यंत्रातली मर्यादा कारखान्यातून आली तशीच अतिकाटेकोर राहिली. मेंदू अशा वेळी जे करायला हवं तेच करतो, म्हणजे ऐकणं बंद करतो. पण मग खरा अलार्मही निसटतो. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनकडे २००९ ते २०१२ च्या मध्यापर्यंत अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. म्हणजे नर्सने अलार्मकडे लक्ष दिलं तर डोकं फुटतं, नाही दिलं तर जीव टांगणीला. दोन्हीकडून तीच अडकते.

यात खेळकर डिझाइनचा काय संबंध? आहे, आणि मला हा सगळ्यात गोड भाग वाटतो. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत प्रत्येक प्रकारच्या धोक्याला एकेक छोटी धून दिली होती. कल्पना छान, पण धुना एकमेकींसारख्या वाटायच्या, आणि शिकवूनही लोकांच्या लक्षात राहीनात. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या ज्युडी एडवर्दी यांनी वेगळा रस्ता धरला. धून कशाला, त्या वस्तूचाच आवाज द्या ना! हृदयाचा प्रश्न असेल तर 'लब-डब'. श्वासाचा असेल तर श्वास आत घेऊन सोडल्याचा आवाज. औषध किंवा सलाईनचा असेल तर गोळ्यांची बाटली खुळखुळवल्यासारखा. तापमानाचा असेल तर चहाच्या किटलीची शिट्टी. लहान मुलांच्या 'ओळखा पाहू कोण' या खेळासारखंच हे, फक्त जिवावरचं. असे आवाज लोक पटकन शिकतात आणि चुकत नाहीत, हे चाचण्यांत दिसलं. २०२० मध्ये त्या मानकातच त्यांचा समावेश झाला. (आपल्याकडे किटलीऐवजी कुकरची शिट्टी घेतली असती तर चटकन कळलं असतं. पण मग ताईने घरी वरणभात कसा लावायचा!)

या डिझाइनमध्ये नर्सला काहीही 'खेळावं' लागत नाही. गुण नाहीत, हत्ती नाही. गंमत सगळी डिझाइनरच्या टेबलावर झाली, नर्सच्या वाट्याला आला तो फक्त थोडा हलका झालेला मेंदू.

याच्याच शेजारी बॉस्टन मेडिकल सेंटरचा प्रयोग ठेवायला हवा. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. तिथल्या हृदयरोग वॉर्डात त्यांनी दोनच गोष्टी बदलल्या. किरकोळ, आपोआप थांबणारे इशारे बंद केले किंवा खऱ्या धोक्याच्या वर्गात नेले, आणि दोन नर्सचं एकमत झालं तर पेशंटप्रमाणे मर्यादा बदलायची मुभा त्यांना दिली. आठवड्याला वाजणारे अलार्म ८७,८२३ होते, ते ९,९६७ वर आले. ८९ टक्के घट. यात खेळकर असं काहीच नाही, हे मान्य. पण कुठलाही खेळ वॉर्डात आणण्याआधी तिथला गोंगाट उपसावा लागतो. नाहीतर आपण त्या गोंगाटात आपलाही एक आवाज घालतो, एवढंच.

टेट्रिस आणि नकोशी दृश्यं

आता खराखुरा खेळ. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा टेट्रिस मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये बनवला. माझ्या पिढीने तो हातातल्या स्वस्त चिनी यंत्रावर खेळत शाळेच्या सुट्ट्या काढल्या. मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांनी त्याचा उपयोग भलत्याच ठिकाणी केला.

नर्सच्या ताणाचा एक प्रकार कामाच्या रगाड्यातून येत नाही. तो एखाद्या दृश्यातून येतो. सीपीआर देताना फासळी मोडल्याचा आवाज. मूल गेल्यावर आईने धरलेला हात. कोविडच्या काळात व्हिडिओ कॉलवर नातेवाईकांना दाखवलेला शेवटचा चेहरा. अशी दृश्यं नंतर आठवायला लागत नाहीत, ती आपणहून येतात. भाजी चिरताना, बसमध्ये, झोप लागता लागता.

होम्स यांचा तर्क असा होता. ही आठवण चित्राच्या रूपात असते. मेंदूत चित्रं हाताळायची जागा मर्यादित आहे, म्हणजे ओट्यावर एका वेळी दोनच परातींना जागा असावी तशी. आठवण मनात ताजी आणि मऊ असताना तीच जागा दुसऱ्या चित्रमय कामाने अडवली, तर ती आठवण पुन्हा साठवली जाताना तिची धार कमी होईल. टेट्रिसमध्ये ठोकळे मनातल्या मनात फिरवावे लागतात, त्यामुळे नेमकी तीच जागा व्यापली जाते.

२००९ मध्ये त्यांनी लोकांना अंगावर काटा आणणाऱ्या प्रसंगांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना नकोशी दृश्यं कमी आठवली. मग प्रश्न आला की कुठलाही खेळ चालेल का? नाही. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात शब्दांची प्रश्नमंजूषा खेळणाऱ्यांना ती दृश्यं उलट जास्त दिसली. म्हणजे 'मन रमवणं' हे औषध नव्हतं. कोणता खेळ कोणत्या खोबणीत बसतो यावर सगळं ठरत होतं. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात ७१ अपघातग्रस्तांवर हाच प्रयोग झाला, अपघातानंतर सहा तासांच्या आत. टेट्रिस खेळलेल्यांना पहिल्या आठवड्यात नकोशा आठवणी ६२ टक्क्यांनी कमी आल्या.

नर्सच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडकाळात अतिदक्षता विभागात काम केलेले ब्रिटनमधले ८६ कर्मचारी त्यात होते. प्रसंग जुने झालेले, आठवणी मुरलेल्या. मुरलेली आठवण आधी किंचित मऊ करावी लागते, म्हणून पद्धत अशी: मार्गदर्शकाच्या सोबतीने त्यातलं नेमकं टोचणारं दृश्य काही क्षणांपुरतं मनात आणायचं, सविस्तर सांगायचं नाही, मग मनातल्या मनात ठोकळे कसे फिरवायचे ते शिकून साधारण २० मिनिटं टेट्रिस. एका गटाला हे लगेच दिलं, दुसऱ्याला चार आठवड्यांनी. चौथ्या आठवड्यात लगेच मिळालेल्या गटातल्या मधल्या माणसाला (सगळ्यांना आकड्यांच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येईल त्याला) आठवड्यात एक नकोशी आठवण येत होती, वाट पाहणाऱ्या गटातल्या मधल्याला दहा.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. समुपदेशनात घडलेलं सगळं बोलून दाखवावं लागतं, आणि ताईसारख्या बायका तिथेच मागे सरतात. 'परत सगळं सांगायचं? नको गं बाई.' इथे ते दृश्य तिच्यापाशीच राहतं, सांगायची सक्ती नाही.

पण लगेच फोनवर टेट्रिस घेऊन बसू नका. नुसता खेळ खेळल्याने हे होत नाही. आठवण एकदा मुरल्यावर काय होतं हे पाहणाऱ्या २०१५ च्या एका प्रयोगात नुसती आठवण काढणं किंवा नुसता टेट्रिस खेळणं यांचा उपयोग झाला नाही, दोन्ही मिळूनच झाला. आणि आठवण मऊ करण्याचं काम जाणत्या माणसाच्या देखरेखीत व्हायला हवं. रात्री झोप उडत असेल, तीच दृश्यं महिनोन्‌महिने येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं हाच रस्ता आहे.

पंधरा मिनिटांची खोली

साध्या थकव्यासाठी इतकं काटेकोर काही लागत नाही. लंडनमध्ये ४५ जणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात आधी डोकं शिणवणारी गणितं दिली, मग दहा मिनिटांची विश्रांती. कुणाला आकार जुळवायचा फोनवरचा खेळ, कुणाला ध्यानाचं ॲप, कुणाला हातात फिरवायचं चक्र. खेळ खेळलेल्यांना जास्त तरतरी वाटली, ध्यानवाल्यांना नाही. हे काही नर्सवर झालेलं नाही, आणि प्रयोगशाळेतलं आहे, तेव्हा त्यावर इमले बांधायला नकोत. पण कामाचा शीण जाण्यासाठी नुसतं आडवं पडणं पुरत नाही, हे झाबीनं झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्येच मांडलं होतं. त्यांच्या मते चार गोष्टी लागतात: कामापासून मन सुटणं, आराम, काहीतरी जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. खेळ यातल्या तीन तरी देतो.

यातली पहिली गोष्ट मारायचं हमखास साधन म्हणजे वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप. वीकली ऑफच्या दिवशी दुपारी तीनला 'कोणी नाईट करू शकेल का, अर्जंट' हा मेसेज येतो, तेव्हा घरात बसूनही ताई ड्यूटीवरच असते. ताण कमी करणारं एकच ॲप बनवायचं मला सांगितलं, तर मी तो ग्रुप ऑफवर असलेल्यांसाठी आपोआप मुका करणारं ॲप बनवीन.

न्यूयॉर्कमध्ये २०२० च्या वसंतात माउंट सायनाय रुग्णालयाने आणखी एक गोष्ट केली. तिथे संशोधन करणारे डेव्हिड पुट्रिनो यांची प्रयोगशाळा कोविडमुळे ओस पडली होती. स्टुडिओ एल्सव्हेअर या डिझाइन संस्थेबरोबर त्यांनी तिथे 'रिचार्ज रूम' उभ्या केल्या. खोटी पण हिरवीगार झाडं, मंद दिवे, भिंतभर निसर्गाची हलती दृश्यं, संगीत, सुवास. पीपीई उतरवून यायचं आणि पंधरा मिनिटं बसायचं. ४९६ कर्मचाऱ्यांनी आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर आपला ताण किती ते सांगितलं. सरासरी ५९.६ टक्के घट.

आकडा मोठा आहे, म्हणून जरा खाजवून बघायला हवा. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कदाचित रिकाम्या गच्चीवर पंधरा मिनिटं कुणी त्रास न देता बसू दिलं असतं तरी बराच फरक पडला असता. शिवाय मोजमाप लगेचचं आहे. चार तासांनंतर काय, हे त्यातून कळत नाही. तरीही रुग्णालयाने त्या पंधरा मिनिटांवर कर्मचाऱ्याचा हक्क आहे हे मान्य केलं, त्यासाठी जागा दिली. आपल्याकडे अनेक वॉर्डांत सिस्टरांची चेंजिंग रूम म्हणजे मोडके स्टँड आणि जुन्या फाइलींची अडगळ असते. डबा खायचा तर इंजेक्शनच्या ट्रॉलीकडे पाठ करून. तिथे आधी एक दार आणि दोन खुर्च्या द्या, निसर्गदृश्यं सावकाश आणू.

खेळ की चाबूक

दुसरी बाजूही बघू. २०११ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधल्या हॉटेलांच्या धुलाई विभागाची बातमी दिली. तिथे भिंतीवर मोठे स्क्रीन लावले होते. कोण किती वेगाने चादरी घालतंय ते नावासकट दिसायचं, लक्ष्याच्या पुढे असाल तर हिरवं, मागे पडलात तर लाल. खेळाचेच सगळे भाग: गुण, रंग, स्पर्धा. कामगारांनी त्याला नाव ठेवलं, 'इलेक्ट्रॉनिक चाबूक'. मागे पडू नये म्हणून लघवीला जाणं टाळतात, अशाही तक्रारी झाल्या.

वॉर्डावॉर्डांत केकची शर्यत लावणारं ॲप या चाबकाचंच चुलत भावंड आहे, जरा गुबगुबीत इतकंच. त्याने कारासेक यांच्या तराजूत कामाचं पारडं जड केलं, अधिकाराचं होतं तिथेच ठेवलं. वर एक शंका कायम राहते: 'आज मन कसं आहे' याचं उत्तर मेट्रनला दिसतं का? ती शंका असेपर्यंत सगळ्या सिस्टर हसरा चेहराच दाबणार. ताईच्या वॉर्डात दर सोमवारी एक जण सगळ्यांच्या फोनवर हसरे चेहरे दाबून देते. सामूहिक समाधान शंभर टक्के.

आणि धोका नुसता कंटाळ्याचा नाही. सिडनीच्या दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी ९८ नर्सना ४,२७१ वेळा औषधं देताना पाहिलं. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक वेळा मध्ये कुणीतरी व्यत्यय आणला होता, आणि दर व्यत्ययागणिक औषध देण्यातल्या चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. नर्स हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, डोस मोजत असताना खिशातला हत्ती 'पाणी प्यायलात का?' म्हणून सोंड हलवत असेल, तर तो हत्ती रुग्णासाठीही घातक आहे. वॉर्डातल्या खेळकर डिझाइनने आपणहून तोंड उघडू नये. बोलावल्यावर यावं, आणि औषधाच्या राउंडच्या वेळी तर बोलावूनही येऊ नये.

मग माझ्यासारखीने काय आखावं? मी ताईला विचारलं, "एक गोष्ट बदलता आली तर कोणती?" मला वाटलं ती विश्रांतीची खोली म्हणेल. ती म्हणाली, "ड्यूटी लिस्ट."

ड्यूटी लिस्ट इनचार्ज सिस्टर वहीत लावतात. सण, मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची शिफ्ट, सगळं त्यात अडकलेलं. सिस्टर आपसांत एक्सचेंज करतात, 'तू माझी रविवारची ईव्हनिंग कर, मी तुझी संक्रांतीची नाईट करते', पण त्यासाठी दहा फोन आणि एक सही लागते. मुलांचा व्यापाराचा खेळ आठवा: पत्ते हातात, देवघेव आपसांत, नियम सगळ्यांना ठाऊक. ड्यूट्या तशाच पत्त्यांसारख्या स्क्रीनवर मांडता येतील. आपली पाळी पुढे टाका, ज्याला चालेल त्याने उचलावी. सलग दोन नाईटनंतर मॉर्निंग लागत असेल, वॉर्डात अनुभवी कुणी उरत नसेल, तर पत्ता बसणारच नाही. इनचार्जने शेवटी फक्त पाहायचं. यात गुण नाहीत, केक नाही. तरी हा माझ्या मते या लेखातला सगळ्यात खेळकर प्रस्ताव आहे, कारण डाव मांडायचा तो सिस्टरांनीच.

अर्थात पत्तेच कमी असतील तर कुठलाही डाव लागत नाही. ताईच्या वॉर्डात ३० खाटा आहेत आणि रात्री दोन सिस्टर. तिथे तिसरी सिस्टर देणं हे कुठल्याही डिझाइनपेक्षा वरचं काम आहे, आणि ते माझ्या स्क्रीनवरून होणार नाही. व्यवस्थापनाने तिसऱ्या सिस्टरच्या पगाराऐवजी ॲप घेतलं असेल, तर ते ॲप कितीही सुंदर असो, मला ते आखायचं नाही. हे मी ऑफिसात अजून मोठ्याने म्हटलेलं नाही.

ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या वॉर्डात एक खेळ चालू आहे. सात नंबरच्या खाटेचा मॉनिटर काहीही कारण नसताना कोकलायचा, आणि कितीही समजूत काढली तरी गप्प बसायचा नाही. सिस्टरांनी त्याचं नाव ठेवलं कैकेयी. हँडओव्हर देताना 'पेशंट स्टेबल, सलाईन चालू, कैकेयी दोन वेळा कोपभवनात' असं सांगायची पद्धत पडली. नवीन आलेल्या मुलीला पहिल्या रात्री हे नाव कळलं की ती वॉर्डातली झाली.

गेल्या महिन्यात बायोमेडिकलच्या माणसाने येऊन तिची केबल बदलली. दोष तिथेच होता. आता ती शांत असते, वाजली तर खरंच काहीतरी असतं, आणि दोघीही धावतात. नाव मात्र कुणी बदललेलं नाही.